अठराव्या आठवड्याचं दूध

क्लेमेंटी,
३ ऑगस्ट २०१६

ती. निशिमामांना ऋताचा वाकून नमस्कार,

मी अरुणाची मुलगी. तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी तुमच्या स्कूटरवर पुढे उभी राहून हॉर्न वाजवत होते, असं आई सांगते. आता सत्तावीस वर्षांची झाले आहे आणि अशा गावात राहते जिथे हॉर्न वाजवणाऱ्याकडे लोक वळून बघतात.

परवा आईचा फोन आला. “निशिकांत आणि सुलेखावहिनी सहा महिने झाले रुचिरकडे आलेत, तू एमआरटीच्या गाडीनं तासाभरावर राहतेस, आणि अजून भेटली नाहीस?” मी लगेच रुचिरदादाला फोन केला. तो म्हणाला, बाबांना फोनवर ऐकू येत नाही, व्हॉट्सॲप ते उघडत नाहीत, पत्र लिही, खूश होतील. म्हणून क्लेमेंटीच्या पोस्टात जाऊन पाकीट मागितलं. काउंटरवरच्या आंटीनं विचारलं, कुठल्या देशात पाठवायचंय? म्हटलं, इथेच, सेम्बावांगला. तिनं मला नीट बघून घेतलं.

मी इथे युनिव्हर्सिटीत एका लॅबमध्ये काम करते. आई सगळ्यांना सांगते की मुलगी सिंगापूरच्या डेअरीत आहे. ते अर्धं खरं आहे. मी दूधच तपासते, पण वॉलबीचं. वॉलबी म्हणजे कांगारूची लहान चुलत बहीण. तिचं पिल्लू जन्मतं तेव्हा राजम्याच्या दाण्याएवढं असतं, आणि पुढचं सगळं वाढणं आईच्या पोटावरच्या पिशवीत. बाकीची बाळं आईच्या पोटातून थोडं लोह गाठीला बांधून आणतात, हे जवळजवळ रिकाम्या हातानं येतं. त्यामुळे सगळं दुधातूनच मिळायला हवं, आणि पिल्लू जसं वाढतं तसं दूधही बदलत जातं. कुठल्या आठवड्यात त्यात कॅल्शियम किती, लोह किती, तांबं किती, जस्त किती, हे मोजायचं काम माझं. दूध ऑस्ट्रेलियातून छोट्या कुप्यांत गोठवून येतं. एका कुपीत चमचाभरसुद्धा नसतं.

आमच्या प्रोफेसर डॉ. क्वेक बोलतात कमी आणि ईमेल लिहितात त्याहून कमी. माझा करार डिसेंबरला संपतो. तोवर काहीतरी सांगण्यासारखं हाती लागलं तर पुढची दोन वर्षं मिळतील, नाहीतर इथे राहायचा पास संपला आणि मी पुण्यात आईसमोर.

तुम्ही चौतीस वर्षं दूध संघाच्या प्रयोगशाळेत काढलीत, त्यामुळे घराण्यात माझं काम समजू शकेल असे तुम्ही एकटेच. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
ऋता

---

सेम्बावांग,
६ ऑगस्ट २०१६

चि. ऋता,

तुझं पत्र पाकिटावरच्या शिक्क्याप्रमाणे बुधवारी निघालं आणि गुरुवारी दुपारी आमच्या डब्यात होतं. मी खाली जाऊन डबा उघडला, वर आलो, पाकीट सुलेखाला दाखवलं आणि पुन्हा खाली जाऊन पोस्टमनला शोधलं. तो गेला होता. एका दिवसात पत्र पोचवणाऱ्या देशात लोक पत्रंच लिहीत नाहीत, याला काय म्हणावं.

फोनचं रुचिरनं सांगितलं ते खरं आहे. कानात यंत्र आहे, पण त्यात भाजी चिरल्याचा आवाज मोठा येतो आणि माणसांचा बारीक. लिहिलेलं मात्र मला स्वच्छ ऐकू येतं.

वॉलबीचं दूध. दोन दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. मी गाय, म्हैस, शेळी आणि एकदा कोर्टाच्या कामासाठी गाढवीण, एवढं तपासलंय. फॅट, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून उरलेला घट्ट भाग, आंबटपणा आणि पाणी. पाणी ओळखण्यात माझा हात कुणी धरला नाही. तू हसशील, पण मी लॅक्टोमीटर बॅगेत घालून सिंगापूरला आणलाय. विमानतळावरच्या पोरानं विचारलं हे काय, मी म्हटलं थर्मामीटर, ते त्याला पटलं. इथलं कार्टनचं दूध मी आल्या आल्या तपासलं. उत्तम आहे, आणि फार कंटाळवाणं आहे. रोज तोच आकडा. नात मीनल म्हणते, “आजोबा, इट्स जस्ट मिल्क लाह.”

भेसळ उरलीय ती फक्त घरात. तुझी मामी कार्टन रिकामं झालं की कात्रीनं कापते, त्यात वाटीभर पाणी घालते, खळबळते आणि पातेल्यात ओतते. चाळीस वर्षं मी म्हणतोय ही भेसळ आहे, आणि चाळीस वर्षं ती म्हणतेय हा संसार आहे. ज्यानं जिल्ह्याला पाणी घालू दिलं नाही त्यानं जन्मभर पाण्याचा चहा प्यायला.

तुझे आकडे मला पाठव. समजतील न समजतील, पण बघायला बरे वाटतील. गणपतीला इकडेच जेवायला यायचं, हे सुलेखा सांगतेय.

निशिकांतमामा

---

क्लेमेंटी,
२९ ऑगस्ट २०१६

ती. निशिमामा,

नमस्कार नंतर, आधी बातमी. सापडलं.

सोबत तक्ता जोडलाय. डावीकडे आठवडे, वर चार खनिजं. पुस्तकात असं आहे की पिल्लू पिशवीत असेपर्यंत दुधात लोह आणि तांबं भरपूर राहतं, आणि ते सव्विसाव्या आठवड्याच्या सुमारास बाहेर पडायला लागलं, गवत खायला लागलं, की उतरतं. कॅल्शियम मात्र हाडं भरायची म्हणून चढतच जातं. आता माझा अठरावा आठवडा बघा. चारही खाली येतात. लोह, तांबं, जस्त तर येतातच, पण चढत असलेलं कॅल्शियमसुद्धा एक पायरी खाली उतरतं. एकाच आठवड्यात, पाचव्या हिश्श्यानं. आणि एका मादीत नाही, सहाच्या सहा माद्यांत.

याचा अर्थ असा की आई पिल्लाला दोन महिने आधी सांगते. तोंडानं नाही, दुधातून. आता हात आखडता घेते, तू जायची तयारी कर. मामा, हे याआधी कुणी लिहिलेलं नाही. मला तर त्या माद्यांबद्दल एकदम आपलेपणा वाटायला लागलाय. आईनं मला पुण्याहून इथे पाठवलं तेव्हा सहा महिने आधीपासून माझ्या डब्यात एक पोळी कमी देत होती, आणि विचारलं तर म्हणायची, सवय कर.

डॉ. क्वेकना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, “इंटरेस्टिंग.” आमच्या लॅबमध्ये हा शब्द दीड वर्षांनी ऐकू आला. नोव्हेंबरमध्ये मेलबर्नला परिषद आहे, तिथे हे मी मांडायचंय. ते झालं की दोन वर्षांचा करार जवळजवळ नक्की.

गणपतीला येते. मोदक मला वळता येत नाहीत हे आधीच सांगून ठेवते, चहा करीन.

ऋता

---

सेम्बावांग,
१० सप्टेंबर २०१६

चि. ऋता,

गणपतीच्या दिवशी तू आलीस, घर भरलं. चहा झकास केलास. पण एवढ्या माणसांत, सूनबाईंच्या, अनघाच्या, माहेरची मंडळी बसलेली असताना, मला जे बोलायचं होतं ते बोललो नाही. तू मोदक खाताना इतकी आनंदात होतीस की धीर झाला नाही. आता कागदावर सांगतो, म्हणजे तुझा चेहरा दिसणार नाही.

तुझा तक्ता मी बारा दिवस उशाशी ठेवलाय. ऋता, त्या दुधात पाणी आहे.

रागावू नकोस, आधी ऐक. मला वॉलबी कळत नाही. पण आई कुठलीही असो, ती कमी करील तर एकेक जिन्नस कमी करील. लोह आवरतं घेईल, कॅल्शियम वाढवील, साखर तोडील, साय चढवील. दर जिन्नसाला तिचं वेगळं धोरण असतं. चारही जिन्नस, ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही, ते एकाच दिवशी आणि एकाच मापानं खाली आणायचे, हे कुठल्याही आईला जमणार नाही. ते फक्त पाण्याला जमतं. मी सतराव्या आठवड्यापर्यंतची रेघ पुढे वाढवली आणि तुझे पुढचे सगळे आकडे तिच्याशी ताडले. प्रत्येक ठिकाणी चार भाग दूध, एक भाग पाणी. गणित इतकं सरळ सुटलं की मला वाईट वाटलं.

आता पाणी कुणी घातलं. चौतीस वर्षांचा माझा अनुभव सांगतो की पाणी दूध काढणाऱ्याच्या हातून पडतं. तिकडे जो कोणी त्या वॉलबी पिळतो, त्याला अठराव्या आठवड्यापासून दूध कमी पडायला लागलं असेल. वर मागणी आहे, कुपी भरलेली दिसली पाहिजे, मग घातलं थोडं. माणूस इथूनतिथून सारखाच. मी अशी शेकड्यांनी पकडलीत. तू मेलबर्नला जाऊन उभी राहायच्या आत क्वेकबाईंना सांग आणि त्या माणसाला विचारा. तिथे कुणी हे पकडलं तर नाव तुझं जाईल.

निशिकांतमामा

---

क्लेमेंटी,
२३ सप्टेंबर २०१६

ती. मामा,

तुमचं पत्र मिळालं त्या दिवशी मी ते पिशवीत टाकलं आणि तीन दिवस पिशवीच बदलली. म्हटलं, म्हशीच्या दुधावर आयुष्य गेलेला माणूस मला काय सांगणार. हे असं मनात आलं होतं, म्हणून कबूल करते.

चौथ्या दिवशी गणित केलं. तुमचं बरोबर निघालं. सोडियमचे आकडे मी तक्त्यात दिले नव्हते, ते काढून बघितले. तेही पाचव्या हिश्श्यानं खाली. शोध लागला होता तो तीन आठवडे टिकला.

डॉ. क्वेकना सांगितलं की कुप्यांत पाणी आहे आणि बहुधा ते तिकडूनच आलंय. त्यांनी त्याच दुपारी ऑस्ट्रेलियाला लिहिलं. तिथे दूध काढायचं काम ग्रेग नावाचा माणूस करतो. साठीचा आहे म्हणे. मी त्याला पाहिलेलं नाही, फक्त कुप्यांवरच्या चिठ्ठ्यांत त्याचं अक्षर पाहिलंय, सात लिहिला की मध्ये आडवी रेघ देतो. चौकशी होईपर्यंत त्याला दूध काढण्यावरून हटवलंय आणि कुंपणं दुरुस्त करायला लावलंय. तो म्हणतो, मी काही घातलं नाही. तसं तर सगळेच म्हणत असतील ना, मामा?

माझ्यापुरतं बरंच झालं. डॉ. क्वेक म्हणाल्या, चूक त्यांची असेल तर ते नवीन दूध पाठवतील, आपलं काम पुढे चालेल, तुझा करारही वाढवावा लागेल. तेव्हा तुमच्यामुळे मी वाचले. पुढच्या भेटीत चहा माझ्याकडून.

ऋता

---

सेम्बावांग,
२८ सप्टेंबर २०१६

चि. ऋतास सुलेखामामीचा आशीर्वाद.

मी पत्रं लिहीत नाही, मला दोन ओळींपुढे काही सुचत नाही. पण तुझी पत्रं हे मोठ्यानं वाचतात, कानाला यंत्र असल्यामुळे फारच मोठ्यानं, तेव्हा सगळा ब्लॉक तुझ्या वॉलबी ओळखतो. काल तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचून झालं तेव्हापासून मला एक विचारायचंय. यांना न सांगता लिहितेय.

गणपतीला तू चहा केलास. मी तेव्हा ओट्याशी मोदक उकडत होते. दुधाचं कार्टन तू पातेल्यात रिकामं केलंस, मग कात्री घेतलीस, कापलंस, पाणी घातलंस, खळबळलंस आणि ते पाणी पातेल्यात ओतलंस. कुणी सांगितलं नाही, विचारलं नाही, बोलता बोलता हात करून मोकळा झाला. मला फार बरं वाटलं. अनघा कार्टन तसंच टाकते, मी कधी बोलले नाही, पण बघवत नाही. म्हटलं अरुणानं पोरीला वळण लावलंय.

तर माझा प्रश्न एवढाच. त्या वॉलबीच्या कुप्या रिकाम्या करताना तू काय करतेस?

मला तुमच्या लॅबमधलं काही कळत नाही. चुकीचं विचारलं असेल तर सोडून दे.

मामी

---

क्लेमेंटी,
४ ऑक्टोबर २०१६

प्रिय मामी,

हे पत्र मामांना दाखवू नका.

तुमचं पत्र मी बसमध्ये वाचलं आणि माझा स्टॉप गेला. पुढच्या स्टॉपवर उतरून चालत लॅबमध्ये आले आणि एक कुपी हातात घेतली, नुसती, रिकामी. डोळे मिटून रोज करते तसं केलं. दूध दुसऱ्या नळीत ओतलं. मग दुसऱ्या हातानं पिपेट उचललं, शुद्ध पाणी घेतलं, कुपीत सोडलं, हलवलं, आणि तेही नळीत.

सुरुवातीच्या आठवड्यांचं दूध पातळ असतं, घसरून येतं. अठराव्या आठवड्यापासून ते दाट होतं, कुपीच्या भिंतीला चिकटून राहतं. एवढ्याशा जनावराचं, एवढंसं दूध, एवढ्या लांबून आलेलं. ते चिकटलेलं टाकून द्यायला हात झाला नसणार. मी ‘नसणार’ लिहितेय, कारण मला ठरवल्याचं आठवतच नाही. वहीत पायरीपायरीनं सगळं लिहिलंय, ही पायरी नाही. कुप्या सगळ्या सारख्याच भरलेल्या आणि पिपेट रोज एकाच मापावर लावलेलं, म्हणून रोज बरोबर पाचवा हिस्सा. मी केमिस्ट्रीत एम.एस्सी. आहे, मामी. कुपी विसळायची तर विसळण्याआधी वजन करायचं असतं, हे मी इतरांना शिकवते.

आता काय करायचं ते सुचत नाही. फ्रीझरमध्ये प्रत्येक कुपीची जोड आहे, त्याच दुधाची दुसरी कुपी. ती गुपचूप तपासली, न विसळता, तर आकडे नीट येतील आणि कुणाला काही कळणार नाही. मी म्हणेन, पहिली खेप तिकडून खराब आली होती, ही चांगली आहे. करारही राहील. ग्रेगची चौकशी पुराव्याअभावी आपोआप संपेल, असं मला वाटतं. तसाही तो निवृत्तीला आलाय.

हे लिहिल्यावर वाचून बघितलं आणि मला माझीच लाज वाटली. पण खोडत नाही. डिसेंबर जवळ आलाय आणि मला परत जायचं नाहीये.

ऋता

---

सेम्बावांग,
६ ऑक्टोबर २०१६

चि. ऋता,

सुलेखानं तुझं पत्र मला दाखवलं नाही. वाचून दाखवलं. म्हणाली, तिनं दाखवू नका असं लिहिलंय. तिच्याशी भांडून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही, तेव्हा तूही भांडू नकोस.

मी तुला एक गोष्ट सांगतो. ही मी घरात कधी सांगितलेली नाही, कारण कालपर्यंत ती सांगण्यासारखी आहे हेच मला माहीत नव्हतं.

१९९३ साल. आमच्या एका संकलन केंद्रावर संजीवनी नावाची बाई दूध घालायची. एक म्हैस, सकाळचं दोन लिटर. मी तपासणीला गेलो की रांगेत दहावी-बारावी असायची. तिच्या दुधात लॅक्टोमीटर सोडला, तो खाली बसला. पाणी. बाई म्हणाली, “साहेब, चरवी इसळलीय तेवढीच. साय चिकटती, टाकवत न्हाई.” रांगेतले लोक हसले. मीही हसलो. पकडलेला माणूस काहीतरी सांगतोच, आणि हे तर मी ऐकलेल्यातलं सगळ्यात तकलादू कारण होतं. कार्डावर लाल शाईनं ‘पाणी’ लिहिलं. पुढच्या महिन्यात तेच, तिचं सांगणंही तेच. तिसऱ्या महिन्यात तेच. तीन लाल शेरे झाले की कार्ड रद्द, असा नियम होता. मी रद्द केलं. गावात तिला ‘पाणीवाली’ म्हणायला लागले, हे मला केंद्रावरच्या सेक्रेटरीनं हसत हसत सांगितलं, आणि मी चहा पीत ते ऐकलं.

तीन वेळा तिनं एकच गोष्ट सांगितली. तेव्हा माझे कान चांगले होते.

दोन लिटरांत तांब्याभर पाणी म्हणजे केवढं होतं बघ. लॅक्टोमीटर खोटं बोलला नाही, पाणी होतंच. पण मी कार्डावर जे लिहिलं त्याचा अर्थ गावानं चोरी असा घेतला, आणि मीही तोच घेतला होता. घरात बायको रोज माझ्यासमोर कार्टन, त्याआधी पिशवी, त्याआधी बाटली विसळतेय, त्यावर मी विनोद करतोय, आणि केंद्रावर तीच गोष्ट करणारी बाई मला चोर वाटतेय. ऋता, मी काल जेवलो नाही. मला फार वाईट वाटतंय आणि ते कमी व्हावं अशी माझी इच्छाही नाही.

ग्रेगवर संशय घ्यायला तुला मी सांगितलं. सवयीनं सांगितलं. तेव्हा ही चूक अर्धी माझी आहे, पण क्वेकबाईंसमोर उभं मला राहता येणार नाही, तुलाच राहावं लागेल. चौकशी आपोआप संपते हे खरं आहे. संजीवनीचीही संपली होती. पण शेरा राहिला.

करार जाईल. जाऊ दे, असं म्हणणं मला सोपं आहे, कारण तो माझा नाही. तरी सांगतो. हे पत्र तुला उद्या, शुक्रवारी मिळेल. सोमवारी सकाळी जा. मी तेवीस वर्षं उशीर केलाय, तू दोन आठवड्यांवर थांब.

निशिकांतमामा

---

क्लेमेंटी,
२४ ऑक्टोबर २०१६

ती. मामा आणि मामी (सगळी पत्रं दोघांनाच लिहायची हे आता कळलं),

तुम्ही सांगितलंत त्या सोमवारी साडेआठला गेले. डॉ. क्वेक खिडकीशी उभ्या राहून प्लास्टिकच्या पिशवीतली कोपी, म्हणजे इथली कॉफी, पीत होत्या. मी दार लावलं आणि सगळं एका दमात सांगितलं. दमानं सांगितलं असतं तर अर्ध्यावर थांबले असते.

त्यांनी विचारलं, “हाऊ मच वॉटर?”

“टू हंड्रेड मायक्रोलिटर.”

“एव्हरी टाइम?”

“एव्हरी टाइम.”

त्यांनी स्ट्रॉ ओढून कोपी संपवली. मग म्हणाल्या, वीस वर्षांत इतकी नेमानं केलेली चूक पाहिली नाही, बरोबर काम इतक्या नेमानं केलं असतं तर बरं झालं असतं. पुढे विचारलं, का केलंस. मी सांगितलं की आमच्या घरी दूध संपलं की भांडं विसळतात. मला वाटलं आता ओरडतील. त्या म्हणाल्या, “माय मदर ऑल्सो. कंडेन्स्ड मिल्क टिन.” आणि टेबलावरचा फोन उचलून माझ्यासमोर ऑस्ट्रेलियाला लावला. चूक आमच्याकडची आहे, तुमच्या माणसाची नाही, असं दोनदा सांगितलं, आणि मग मला फोन देऊन तिसऱ्यांदा माझ्याकडून वदवून घेतलं.

मेलबर्नचं भाषण मागे घेतलं. दोन वर्षांचा करार त्या शोधाच्या जोरावर मिळणार होता, तो शोधच नाही तर करार कशाचा. मार्चपर्यंत मुदत दिलीय, जोड कुप्या तपासून तक्ता पुरा करायचा. त्यानंतर दुसरीकडे अर्ज करायचे. तीन ठिकाणी केलेत. कुठूनच उत्तर नाही. मी रडले, लपवत नाही, पण ते लॅबच्या थंड खोलीत, तिथे तशीही सगळ्यांची नाकं गळतात.

पहिल्या सहा जोड कुप्या झाल्या. चिकटलेलं दूध चिकटलेलंच ठेवलं, हाताला फार त्रास झाला. अठराव्या आठवड्यात पायरीबियरी काही नाही. लोह, तांबं पंचविसाव्या आठवड्यापर्यंत भरपूर आहे, पिल्लू बाहेर पडतं तोवर आई काही कमी करत नाही. मी उगाच तिच्या नावावर खपवलं होतं. आईला फोन करून पोळीचं विचारलं, तर म्हणाली, तू तेव्हा डबा अर्धा परत आणायचीस, म्हणून कमी देत होते.

ग्रेगचं पत्र आलं, ईमेल नाही, पत्र. चार ओळी. तो परत दूध काढायला लागला. लिहितो की चौकशी चालू असताना त्यालाच वाटायला लागलं होतं, आपल्या नकळत आपल्या हातून काही होतंय की काय. वय झालंय, म्हणून रोज रात्री दिवसभराचं काम मनात आठवून बघायचा. मी ते पत्र वहीत ठेवलंय.

तुमचं म्हणणं ऐकलं ते बरं केलं. पुढचं काय ते मार्चमध्ये.

ऋता

---

सेम्बावांग,
२४ नोव्हेंबर २०१६

चि. ऋता,

दिवाळीत भेटलो तेव्हा तू दोनदा विचारलंस की मामा गप्प का आहेत. मी एका पत्राची वाट बघत होतो. येईल याची खात्री नव्हती, म्हणून बोललो नाही.

तुला पत्र टाकलं त्याच दिवशी मी त्या केंद्राच्या जुन्या सेक्रेटरीला लिहून संजीवनीचा पत्ता मागवला. बाई आहे, त्याच गावात आहे, सत्तरीची झालीय. मग तिला लिहिलं. मी कोण ते सांगितलं, लाल शेऱ्याचं सांगितलं, आणि तुम्ही खरं बोलत होता, मी ऐकलं नाही, असं लिहिलं. काल तिचं उत्तर आलं. अक्षर नातीचं आहे, बोलणं तिचं. जसंच्या तसं उतरवतो.

“साहेब, तुमचं पत्र नातीनं दोनदा वाचून दाखवलं. तुम्ही आठवता. डोक्याला टोपी हुती. त्या टायमाला लई वंगाळ वाटलं, आता राग न्हाई. फुडं दूध दुसऱ्या डेरीला घातलं. तिथं कोण काय इचारत न्हवतं. पर त्या दिसापासनं मी भांडं इसळायचं सोडलं ते सोडलं. सुना इसळाय लागल्या तर त्यास्नी बी वरडती. चिकटल्यालं दूध रोज तसंच मोरीत जातंय, बघवत न्हाई. तर आता इसळलं तर चालंल का, तेवढं कळवा.”

मी हे वाचून गॅलरीत जाऊन बसलो आणि रडलो. मीनल येऊन बघून गेली. सुलेखा शेजारी खुर्ची ओढून बसली.

उत्तर लिहायला घेतलं. पहिल्या कागदावर नियम लिहिले गेले, दुसऱ्यावर माझी कारणं. दोन्ही फाडले. तिसऱ्यावर लिहिलं, “संजीवनीबाई, चालेल. खुशाल विसळा.” खाली सही केली आणि दुपारी पोस्टात टाकलं. इथली पत्रं एका दिवसात पोचतात म्हणून मी तुझ्याजवळ एवढं कौतुक केलं होतं, पण हे गावापर्यंत जायला दहा-बारा दिवस घेईल. तितके दिवस ते दूध अजून मोरीतच जाणार, हे मला आज सहन होत नाहीये.

निशिकांतमामा